मी ‘कोण’ म्हणून विचारलं होतं

मी एक जुना मोबाइल बोलतोय. काचेच्या कोपऱ्याला तडा गेलाय, पण कान अजून तिखट आहेत. म्हणून तर जे ऐकलं-पाहिलं ते सांगताना अजून थरथरतो.

माझे पहिले मालक कुलपं दुरुस्त करायचे. सगळे त्यांना किल्लीवाले म्हणत. गिऱ्हाइकांच्या कुलपांचे फोटो काढणं हे माझं काम. त्यांच्या हाताला तेल, तेच माझ्या तोंडाला! नवा फोन आला तसा मी त्यांच्या लेकीकडे, ठकीकडे आलो. ठकी सहावीत, तोंडाची टकळी अखंड चालू.

किल्लीवाल्यांच्या घराला दोन कड्या, एक साखळी आणि वर भलंमोठं कुलूप. ‘कोण?’ विचारल्याशिवाय दार उघडायचं नाही, हे ठकीला अगदी पाठ. ती माझ्यावर खेळत बसली की आई पलीकडे इस्त्री करता करता शेजारणीला कौतुकाने सांगे, “आमची कुठ्ठे बाहेर जात नाही बाई, सदा डोळ्यांसमोर!” मीही ऐटीत असायचो.

एकदा खेळात कुणीतरी मैत्री करशील का, असं विचारलं. ठकीने नियम पाळला. ‘कोण?’ उत्तर आलं, ‘मी परी. मीपण सहावीत.’ झाली मैत्री.

परी गोड बोलायची, खेळातली बक्षिसं द्यायची. मग म्हणू लागली, ‘हे आपलं गुपित, आईला सांगायचं नाही हं.’ मग ठकीचा एक साधा फोटो मागितला. तो गेला. आणि एका दुपारी असा फोटो मागितला, की सांगायलाही मला लाज वाटते. नाही पाठवलास तर आधीचा फोटो घाणेरडा करून शाळेत सगळ्यांना दाखवीन, अशी वर धमकी! मी हादरलोच. असलं काही माझ्याच काचेवर उमटावं? ठकीने मला उशीखाली कोंबलं आणि वर डोकं टेकून पडून राहिली.

संध्याकाळी ती बाबांजवळ जाऊन बसली. ते किल्लीवर कानस चालवत होते.

“बाबा, चुकून भलत्याच माणसाला किल्ली दिली, तर परत कशी घ्यायची?”

“परत कसली घेतेस? त्याने एव्हाना दुसरी करून ठेवली असेल. सरळ कुलूप बदलायचं,” ते हसत म्हणाले. मग त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. कानस थांबली. “कुणाला दिलीस गं?”

तिने मला पुढे केलं.

त्यांनी सगळं वाचलं. त्यांनी मला आपटायला हात उगारला, तोच मागून वाचणाऱ्या आईने तो धरला. “फोडू नका! तो मेला यातूनच सापडेल.”

“मी ‘कोण’ म्हणून विचारलं होतं, बाबा,” ठकी हुंदके देत म्हणाली.

“तुझं काही चुकलं नाही, बाळा,” म्हणत त्यांनी तिला जवळ ओढलं.

लगेच तिघं मला पोलिसांकडे घेऊन गेले. त्यांनी माग काढला, तर परी नव्हतीच. निघाला तो एक बाप्या, ठकीच्या बाबांपेक्षाही वयाने मोठा!

आता मी पुरावा म्हणून पाकिटात बंद आहे. पोलीस ठाण्याच्या या कपाटात माझ्यासारखे आणखी कितीतरी आहेत. त्यांच्याही घरांना कड्या होत्याच की! आईबाबांनो, माझे भाऊबंद मुलांच्या हाती द्याल, तेव्हा जरा शेजारी बसत जा. आणि लेकरू काही वेडंवाकडं विचारायला आलं, तर हातातलं काम खाली ठेवा. त्या संध्याकाळी कानस थांबली नसती तर, हा विचार आला की बंद असूनही माझं अंग तापतं.