फॉन्ट बसवणारा

"संघदीप, जरा बघून दे ना बाबू. मराठी टाइप केलं का चौकोन येऊन राह्यले."

कार्यालय अधीक्षक नंदलाल कटरे यांनी हे वाक्य परीक्षागृहाच्या दारातून उच्चारले तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. ज्याला ते उद्देशून होते तो संघदीप शहारे बाहेरच्या व्हरांड्यात, इतर एकवीस उमेदवारांच्या रांगेत, प्रवेशपत्र हातात धरून उभा होता. एका सरकारी मंडळाच्या गोंदिया जिल्हा कार्यालयात लिपिक-टंकलेखकाची दोन पदे भरायची होती. मिनिटाला तीस मराठी शब्द, दहा मिनिटे, दहा वाजता सुरुवात. वयाची सवलत जमेस धरूनही संघदीपची ही शेवटची संधी होती. येत्या जूनमध्ये तो त्रेचाळीस पूर्ण करणार होता आणि त्यानंतर नियमांच्या दृष्टीने तो फक्त म्हातारा होणार होता.

"मी तं उमेदवार आहो ना साहेब," तो म्हणाला.

"मले माहीत नाई का? पण त्या ठेकेदाराचा फोन स्विच ऑफ. नागपूरचे निरीक्षक दहाले येऊन राह्यले. आज चाचणी नाई झाली तं एकतीस मार्चले दोनही पदं लॅप्स. मंग तुझंच नुकसान आहे. माझं का, मी तं परमनंट आहो."

युक्तिवाद निर्दोष होता. इतका निर्दोष युक्तिवाद कटरे साहेबांनी लेखी स्वरूपात कधीही केलेला नव्हता.

या कार्यालयात 'जरा' या शब्दाची व्याप्ती अकरा वर्षांची होती. १९९९ साली भंडाऱ्यातून तोडून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा मंडळाच्या नव्या कार्यालयात खुर्च्यांच्या आधी संगणक आला. खुर्चीवर बसता सर्वांना येत होते. संगणकाशी काय करावे हे कोणालाच ठाऊक नव्हते. शहरातल्या एका छापखान्यात लग्नपत्रिका जुळवणाऱ्या संघदीपला तेव्हा 'जरा बघून दे' म्हणून बोलावण्यात आले. त्याने बघून दिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणे आले. तिसऱ्या दिवसापासून तो रोजंदारीवर होता. नेमणुकीचा आदेश निघाला नाही, कारण आदेश टंकित करणारा तो स्वतःच होता, आणि स्वतःचा आदेश स्वतः टंकित करणे त्याला प्रशस्त वाटले नाही. अशा संकोचांवर आपल्याकडच्या संस्था उभ्या असतात.

एका दशकाहून अधिक काळ जिल्ह्यातली मंडळाची मराठी त्याच्या बोटांवर चालली. वरून येणारा प्रत्येक मजकूर निराळ्या फॉन्टमध्ये येई आणि इथे उघडला की त्याची राख होई. राजभाषेचा दैनंदिन वापर सक्तीचा करणारे परिपत्रकही एकदा असेच आले होते. त्यातला एक शब्दही वाचता येईना, तेव्हा कटरे साहेबांनी "परिपत्रकाची नोंद घेण्यात आली आहे" असे उत्तर धाडून दिले. संघदीपने चार दिवसांनी योग्य तो फॉन्ट मिळवला आणि परिपत्रक वाचले. ते वाचणारा जिल्ह्यातला तो बहुधा एकमेव माणूस असावा.

तर तो परीक्षागृहात गेला. प्रवेशपत्र खिशात घातले आणि पहिल्या संगणकासमोर बसला.

बावीसही संगणक आठवड्यापूर्वी पुसून नव्याने भरले होते. ठेकेदाराने मराठी टंकनाचे ॲड-इन, म्हणजे वर्डला जोडायचा तो छोटा प्रोग्रॅम, प्रत्येक यंत्रावर नकलून ठेवला होता. पण ठेवला होता चुकीच्या फोल्डरात, म्हणजे औषध रुग्णाच्या उशाशी ठेवून डॉक्टर निघून गेला होता. शिवाय वर्डची सुरक्षा सर्वांत वरच्या पातळीवर होती. अनोळखी ॲड-इन दिसताच ती त्याला दारातच अडवी, आणि अडवल्याचे कोणाला सांगतही नसे. संघदीपने फॉन्ट बसवला, ॲड-इन योग्य जागी हलवले, सुरक्षेची पातळी एक पायरी खाली आणली, वर्ड बंद करून पुन्हा उघडले. मराठीची पट्टी उमटली. त्याने 'गोंदिया' टंकित केले, गोंदिया उमटले. ते पुसून तो पुढच्या खुर्चीवर सरकला. एका यंत्राला चार मिनिटे लागत होती. त्याने हिशेब केला नाही. हिशेब केला असता तर दोनतीन यंत्रे सोडून द्यावी लागली असती, आणि सोडून देण्याची सवय त्याला नव्हती.

पावणेदहाला उमेदवारांना आत सोडले. नऊ नंबरवर चिचगडहून पहिल्या बसने आलेली रुचिका मडावी होती. तिने हात वर केला.

"दादा, माझे जोडाक्षरं तुटून येऊन राह्यले."

त्या यंत्रावर ठेकेदाराने त्याच नावाचा जुना फॉन्ट आधीच टाकून ठेवला होता. नाव एक, माणसे दोन. जुना काढल्याशिवाय नवा बसेना आणि जुना वापरात असल्याने निघेना. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करणे भाग होते.

"राहू द्या मंग," रुचिका म्हणाली. "तुमचा बी टाइम होऊन राह्यला. मी तशीच मारतो."

"तशीच मारशीन तं नापास होशीन. बस दोन मिनिट."

निरीक्षक आत आले ते याच क्षणी. स्वच्छ शर्ट, स्वच्छ चष्मा, स्वच्छ मराठी. "हे गृहस्थ कोण?"

"आपलेच आहेत सर," कटरे साहेब म्हणाले. "आपला ऑपरेटर."

अकरा वर्षांत संघदीपचा उल्लेख 'आपला' असा प्रथमच झाला. घंटा वाजली. रुचिकाच्या यंत्रावर जोडाक्षरे नीट उमटल्यावरच तो तिथून उठला आणि सतरा नंबरच्या खुर्चीवर जाऊन बसला. निरीक्षकांनी हे पाहिले. त्यांनी वहीत एक ओळ लिहिली. दीड मिनिट उशिरा सुरू करूनही संघदीपचे सरासरी सदतीस शब्द भरले.

चाचणीनंतर निरीक्षकांनी एक छापील तक्ता कटरे साहेबांसमोर ठेवला. त्यात एक प्रश्न होता: चाचणीपूर्वी कोणाही उमेदवारास संगणक हाताळू दिले काय? कटरे साहेबांच्या नोकरीला एकोणतीस वर्षे झाली होती. या काळात त्यांनी अशा रकान्यांत शेकडो वेळा 'नाही' लिहिले होते आणि आभाळ कोसळले नव्हते. आज मात्र बघणारा समोर बसला होता. त्यांनी क्षणभर विचार केला आणि लिहिले: 'नाही. उमेदवार क्र. १७ यांनी परवानगीविना हाताळले.'

नवव्या दिवशी संघदीपला अपात्र ठरवल्याचे पत्र आले. फुलचूरच्या घरी त्याच्या बायकोने, अल्काने, ते उभ्याउभ्याच वाचले.

"परवानगीविना? अन् तुमाले आत बोलावलं कोणं?"

"साहेबानंच."

"मंग सांगा ना जाऊन. तोंडात मूग भरले का?"

"इचारतो उद्या."

"अकरा वर्सं उद्याच करून राह्यले तुमी." तिने पत्राची घडी घातली. "दुसऱ्यायच्या पोरायच्या मशिनी दुरुस्त कराले कोणं सांगतलं होतं तुमाले? सोताची एक करून गप बसाचं होतं. तितकंबी जमत नाई माणसाले."

एकवीस यंत्रे तशीच ठेवून आपले एक दुरुस्त करावे, ही शक्यता खरोखर संघदीपच्या मनात आली नव्हती. ती ज्यांच्या मनात येते ते परमनंट असतात.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला तो कार्यालयात हजर झाला. अपात्र तो पदासाठी होता, कामासाठी नव्हता. कटरे साहेबांनी त्याला बसायला सांगितले, चहा मागवला.

"मी का म्हणतो का, मी नाई बोलावलं?" ते म्हणाले. आवाजात खरोखरची कळकळ होती. "बोलावलंच ना. तुझ्यासारखा माणूस नाई या डिस्ट्रिकमंधी. पण ते लिहून देता येत नाई ना बाबू. लिहून देल्लं तं माझं सस्पेंशन. दोन वर्सं राह्यले माझे."

"माझं तं काईच नाई राह्यलं साहेब."

"अरे, असा काऊन बोलतो? तुले कोण काढून राह्यलं? रोज आहेच तुझा." त्यांनी कप त्याच्याकडे सरकवला. "घे, थंडा होऊन राह्यला."

संघदीपने चहा घेतला. या प्रसंगात जर कोणी खलनायक शोधत असेल तर त्याची निराशा होईल. कटरे साहेब दुष्ट नव्हते. दुष्ट माणसाला निदान स्वतःच्या कृत्याचे कर्तृत्व तरी मान्य करावे लागते. इथे जे घडले ते एका रकान्यात घडले, आणि रकाना कोणाचाच नसतो.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात विभागीय कार्यालयातून अंतिम यादी ई-मेलने आली. सोबत सूचना होती: कार्यालय अधीक्षकांच्या नावानिशी आजच सायंकाळी पाचच्या आत फलकावर लावावी व लावल्याचा अहवाल द्यावा. साडेतीनला कटरे साहेबांनी यादी उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, तिरक्या रेघा आणि कंस यांची कुसकरलेली गर्दी उमटली. यादी कुठल्याशा तिसऱ्याच फॉन्टमध्ये होती.

"संघदीप! जरा बघून दे बरं."

तो आला. खुर्चीत बसला. कळफलकावर हात न ठेवता त्याने ते गुडघ्यांवर ठेवले.

"लिहून द्या साहेब, का तुमी मले बोलावलं."

कटरे साहेब हसले. "बस, इतकंच? टाइप कर, सही मारतो."

"टाइप नाई. हातानं लिहा."

कटरे साहेबांनी कागद ओढला. बऱ्याच वर्षांनी ते मराठीत सहीपेक्षा अधिक काही लिहीत होते. अक्षर आडवेतिडवे होत गेले. 'श्री. शहारे यांना संगणकाचे कामाकरिता माझे सांगण्यावरून बोलावण्यात आले.' खाली सही केली. "तारीख आजचीच टाकतो."

"आजची नाई. चाचणीची. सात फेब्रुवारी टाका. सकाळचे साडेआठ."

कटरे साहेबांनी पेनाला टोपण लावले. मग तो कागद मधोमध फाडला, तुकडे एकावर एक ठेवून पुन्हा फाडला.

"तू मले फसवून राह्यला?"

"नाई साहेब. तुमी लिहिलं ते खरंच आहे. फक्त दिवस सांगतला मी."

"पाचच्या आत यादी लागाची आहे!"

"हो. मी बसलो आहो. फॉन्ट आहे माझ्यापाशी, पाच मिनिटाचं काम आहे."

पुढची पंधरा मिनिटे कटरे साहेबांनी स्वतःच माऊस हलवून पाहिला. अक्षरे मोठी झाली, तिरकी झाली, निळी झाली. मराठी झाली नाहीत. अखेरीस त्यांनी छपाईचे बटण दाबले. यंत्राने तो अगम्य मजकूर अत्यंत सुबकपणे छापून बाहेर टाकला. त्यांनी शिपाई छोटेलालला हाक मारली आणि कागद त्याच्या हातात दिला.

"लाव फलकावर. लावा म्हणलं आहे, लावली. वाचता आली पायजे असं परिपत्रकात कुठंच नाई." मग मान न वळवता ते म्हणाले, "अन् तू उद्यापासून येऊ नको."

"बरं," संघदीप म्हणाला. तोंडी आला होता, तोंडीच गेला.

तो बाहेर आला तेव्हा फलकाभोवती दहाबारा उमेदवार गोळा झाले होते.

"ये क्या छापा है यार? चायनीज है क्या?"

"ओ काका, हे काय लावलं?"

"मले लावाले सांगतलं, लावली," छोटेलाल म्हणाला. "वाचाले नाई सांगतलं."

रुचिका मडावी मागे उभी होती. तिने संघदीपला पाहिले आणि गर्दीतून वाट काढत आली. "दादा, तुमाले तं समजत असन हे?"

समजत होते. फॉन्ट नसला की दाबलेली कळ नुसते इंग्रजी अक्षर होऊन पडते. पण कुठल्या अक्षरामागे कुठली कळ आणि कळीमागे कुठले मराठी अक्षर, हे त्याच्या बोटांना ठाऊक होते. राखेवरून लाकूड ओळखण्याची ही विद्या कोणत्याही विद्यापीठात शिकवली जात नाही आणि कोणत्याही पदासाठी ती अर्हता नाही. तो फलकासमोर गेला. उजव्या हाताची बोटे मांडीवर हलवत, एकेक अक्षर जुळवत, तो मोठ्याने वाचू लागला.

"निवड यादी. एक, लोकेश खुशाल पटले. दोन..." तो थांबला, बोटे पुन्हा हलली. "दोन, रुचिका दुधराम मडावी."

रुचिकाने दोन्ही हात तोंडावर धरले. मग मोबाईल काढून ती जिन्याकडे धावली, कारण व्हरांड्यात आवाज नीट येत नव्हता. "प्रतीक्षा यादी," संघदीपने वाचले आणि दोन नावे सांगितली. ज्यांची नावे आली नव्हती ते थोडा वेळ घुटमळले. कोणी म्हणाले, "चल बे." कोणी म्हणाले, सगळं आधीच ठरलेलं असते. एकेक करून ते निघून गेले. छोटेलाल आत गेला.

खाली आणखी काही ओळी होत्या. संघदीपने आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही.

"अपात्र उमेदवार. क्रमांक सतरा. शहारे संघदीप रामलाल. कारण, परीक्षागृहातील संगणक परवानगीविना हाताळले. स्वाक्षरी, नंदलाल कटरे, कार्यालय अधीक्षक."

मग त्याने शेवटची ओळ वाचली.

"प्रत, सूचनाफलकासाठी."