ऐनाचे बुंधे

झऱ्यापाशी ठकूबाई सकाळपासून बसली होती. करवंटीभर पाणी साचलं की हंड्यात ओतायचं, मग पुन्हा वाट पाहायची. हा झरा वैशाखापर्यंत कधी दगा देत नसे. यंदा माघातच त्याचा घसा सुकला होता.

तिचा नवरा बुधाजी समोर उभा होता. पाठीला कमरेच्या लाकडी आकडीत कोयता अडकवलेला होता. माघ म्हणजे राब तोडायचे दिवस. ऐनाच्या फांद्या तोडून वाळवायच्या, चैत्रात त्या वाफ्यावर जाळायच्या, म्हणजे तण मरतं आणि भाताचं रोप जोमानं येतं. बाप सांगून गेला होता, फांद्या घे, शेंड्याला हात लावू नको. तीस वर्षं बुधाजीनं तो शब्द पाळला होता.

दोन वर्षांपूर्वी मात्र दहिवलीचा कोळशाचा ठेकेदार आला. घरावर पत्रे घालून देतो म्हणाला. बुधाजीनं झऱ्यावरचा अख्खा उतार त्याला दिला. झाडं बुंध्यापासून गेली.

"पत्रं चांगलं हायती," ठकूबाई म्हणाली. "पाऊस आत येत नाय. जमिनीत बी जात नाय."

"पावसाला मी आडवलं काय गं?"

"ऐनाच्या पाल्यानं आडवला व्हता. पाल्याखाली पाणी मुरायचं, मंग सावकाश हितं यायचं. आता येतं तसं माती घिऊन पळतं. अवो, तुमी वर जा. राब आणा."

बुधाजी वर गेला. उतारावर नुसते बुंधे होते. मधे मातीला घळी पडल्या होत्या. त्याला वाईट वाटायला हवं होतं, पण काहीच वाटलं नाही. सात-आठ बुंध्यांना मात्र हाताएवढे फुटवे आले होते. सगळे तोडले तर एका वाफ्यापुरता राब झाला असता. तोडले नाहीत तर तण माजणार, रोप पिवळं पडणार, घरात तांदूळ कमी येणार.

त्यानं कोयता काढला. सवयीनं हात शेंडा सोडून खाली गेला. पण या फुटव्यांना शेंड्याशिवाय होतंच काय? त्यानं कोयता मागे घेतला.

मग त्यानं करवंदीच्या काटेरी फांद्या तोडल्या आणि शेरडांनी खाऊ नये म्हणून फुटव्यांभोवती रोवल्या.

खाली येऊन तो ठकूबाईशेजारी टेकला.

"राब?"

"नाय आणला."

"मंग रोप कशात करणार?"

"नुसत्या मातीत."

हंडा अर्धाही झाला नव्हता. बुधाजीनं तिच्या हातातली करवंटी घेतली आणि पाणी साचायची वाट पाहत बसला.