राजनगरची गटारी

दिल्लीतलं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही गाझियाबादला राजनगरात स्वतःचं घर घेतलं. ह्यांच्या, म्हणजे विश्वासच्या, मित्रांनी तोंड भरून कौतुक केलं, पण यायचं काही कुणी नाव काढेना. क्वार्टरात असताना श्रावण लागायच्या आधीची गटारी आमच्याच गच्चीवर व्हायची. श्रीरंग, बाळ, श्याम ठाण मांडून बसायचे, आणि मासे तळता तळता मी त्यांचा उद्धार करायची. आता तळायला कुणी सांगत नव्हतं, तर तेही मला सोसवत नव्हतं.

"यमुना ओलांडायची म्हणजे त्यांना सातासमुद्रापार वाटतं," हे म्हणायचे. दिल्लीत तेव्हा नवे नवे पब निघाले होते. ह्यांच्या डोक्यात किडा शिरला. घरीच नळाची बियर ठेवली तर कोण येणार नाही?

जुना फ्रिज बाल्कनीत गेला. आतले कप्पे काढून ह्यांनी दाराला भोक पाडलं, नळ बसवला, सोडावाल्याकडून गॅसचा सिलिंडर आणला. बियरचं पिंप एका हॉटेलातल्या ओळखीच्या माणसाने मिळवून दिलं. पहिल्यांदा नळ सोडला तर नुसता फेस!

"साबणाचा कारखाना काढलाय का?" मी विचारलं.

हे चिडले नाहीत. नळी लांब केली, गॅसचा दाब उतरवला, पिंप चांगलं गार होऊ दिलं. मग एकदाची सोनेरी धार ग्लासात पडली, आणि हे पोरासारखे नाचले. इतकं खूश मी त्यांना क्वार्टर सोडल्यापासून पाहिलं नव्हतं.

अमावास्या सोमवारची, म्हणून बेत रविवारी दुपारी ठरला. फोनवर सगळे "बिल्कुल, यार!" म्हणाले. पण तारीख बघितली ती पुण्याहून आलेल्या कॅलेंडरवर, आणि तिथेच माती खाल्ली. इथला श्रावण आपल्या पंधरा दिवस आधी लागतो. आपली गटारी म्हणजे इथली ऐन श्रावणातली शिवरात्र! हरिद्वारहून गंगाजल घेऊन निघालेले कावडिये आमच्याच रस्त्याने दिल्लीला जाणार, आणि गाड्या बंद. इतकी वर्षं दिल्लीत काढून आम्ही अडाणीच राहिलो.

मासळीही बंद होती. मी बटाट्याचे काप तळले. बाळचा फोन आला, मग श्यामचा. दोघांनाही पोलिसांनी दिल्लीच्या सीमेवरूनच परत पाठवलं होतं. श्रीरंगचा तर फोनही नाही.

"रस्त्याचं निमित्त झालं," हे ग्लास पुसत म्हणाले. "यायचं कुणाला होतं?"

मी कापांवर ताट झाकलं.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा बेल वाजली. दारात श्रीरंग! कपाळाला भस्म, गळ्यात झेंडूचा हार, एकाच पायात चप्पल आणि गुडघा टम्म सुजलेला. सीमेवर बस अडवली, तिथून चालत आला होता.

"वहिनी, खायला काही आणू नका," तो खुर्चीत कोसळत म्हणाला. "मला कावडियाच समजून वाटेतल्या त्यांच्या प्रत्येक शिबिरात पुरी-भाजी खाऊ घातली. वर पाय दाबून दिले. बियर प्यायला चाललोय हे कुठल्या तोंडाने सांगणार?"

ह्यांनी नळाकडे पाहिलंसुद्धा नाही. बादलीत गरम पाणी आणलं आणि त्याचे पाय त्यात धरून खाली बसले.

"बियर तुझ्या घराखाली मिळते रे, गाढवा," हे म्हणाले.

"सगळे दिल्लीकडे चाललेले, मी एकटा उलटा," श्रीरंग म्हणाला. "शिबिरवाले विचारायचे, भोले, वापस कहाँ?"

"मग काय सांगितलंस?"

"खरं तेच. मेरा साथी पीछे छूट गया है."