आत्याची लांब रोटी

ॲपमध्ये ‘रोटी’ शोधल्यावर एकसष्ट नोंदी आल्या. त्यांतल्या तीन लांब रोटीच्या होत्या. एका रोटीत कर्बोदके किती? एक नोंद म्हणे १८ ग्रॅम, दुसरी ५२, तिसरी ११८. तिन्ही वापरणाऱ्यांनीच भरलेल्या. रोटीचं वजन एकीतही नव्हतं.

बाबा जेवणाआधी इन्सुलिन घेतात. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी त्यांना हिशेब आखून दिला आहे: दहा ग्रॅम कर्बोदकांना एक युनिट. घरच्या पोळीला तो बरोबर लागू पडतो. वाडीला प्रेमिला आत्याकडे मात्र दोनदा चुकला. एकदा ५२ धरून जेवले, तर साखर ३१२ वर गेली. पुढच्या खेपेला ११८ धरले, तर ५४ वर उतरली. घाम फुटला, साखरपाणी द्यावं लागलं. तेव्हापासून बाबा तिच्याकडे जाताना पोळ्यांचा डबा नेतात.

“मोठ्या बहिणीच्या घरी डबा आणते का गा, देवराव?” आत्या दर वेळी म्हणते आणि तो डबा उघडायला ताट देत नाही.

या रविवारी मी स्वयंपाकघरातला वजनकाटा सोबत नेला. आत्या ट्रक ड्रायव्हरांच्या ऑर्डरच्या रोट्या करते. मागच्या अंगणात चुलीवर मडकं उपडं तापत होतं. भाजताना पाणी उडतं, म्हणून भाजलेली रोटी मोजून उपयोग नव्हता. मी पीठच मोजलं. एक किलो कणीक, पाकिटावर शंभर ग्रॅमला सत्तर ग्रॅम कर्बोदके. पाणी घालून सैल मळल्यावर सतराशे पन्नास ग्रॅम झाली. म्हणजे शंभर ग्रॅम गोळ्यात चाळीस.

“कणीक तोलून राहिली का वं पोरी? सोनं हाय का ते?”

ऑर्डरचे पाच गोळे तोलले. १४८, १५२, १५०, १४७, १५३. सरासरी दीडशे, एका रोटीला साठ ग्रॅम. “बाबा, रोटीचे सहा युनिट,” मी सांगितलं. त्यांनी इन्सुलिनचं पेन काढलं.

तेवढ्यात आत्याने बाबांच्या रोटीसाठी परातीत हात घातला.

“थांबा बाबा! आत्या, हा गोळा एवढा मोठा काहून?”

“अवं, ड्रायवर लोकाईले जेवढी देतो, तेवढीच भावाले देऊ का?”

बाबांनी पेन खाली ठेवलं. “मले वाटे, तू सगळ्याईले एवढीच देते.”

“तुले लहानपणापासून काही वाटतच राह्यते.”

मी तो गोळा काट्यावर ठेवायला लावला. २३५ ग्रॅम.

“दीडशेचा करू का?” आत्याने विचारलं. काट्यावरचा गोळा तिने परत हातात घेतला होता.

“राहू दे,” बाबा म्हणाले. “दीप्ती, तुहा आकडा बदलव.”

रोटीचे चौऱ्याण्णव ग्रॅम, रश्श्याचे सहा धरले. बाबांनी दहा युनिट घेतले. आत्याने गोळा दोन्ही हातांवर झुलवत पसरला आणि मडक्यावर टाकला. “ॲपवाल्याईले सांग, भावाची रोटी येगळी लिहा म्हणा,” ती म्हणाली आणि बाबांसमोर ताट ठेवलं. डबा पिशवीतच राहिला. बाबांनी रोटी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.

जेवणाआधी मीटरवर साखर १२६ होती. दोन तासांनी १४१.