तीन झाकणं

अकरा वर्षांच्या टिचकीने बटण दाबलं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून ती उभी राहिली. टेबलावरच्या पेटीतले पंखे घरघरले. आत एक निळा दिवा लागला, मग दुसरा. समोरचा पडदा मात्र काळाच राहिला. थोड्या वेळाने त्याच्यावर 'सिग्नल नाही' अशी बारीक पाटी उमटली, इकडून तिकडे फिरली आणि विझून गेली.

"थांब, पहिल्यांदा वेळ घेतं," डॉक्टर म्हणाले.

"किती वेळ?"

"पेशंट घाबरलेला असला की तोंड उघडायला वेळ लागतोच."

टिचकी फसकन हसली. भिंतीलगतच्या खुर्चीत बसलेल्या आजीने ते हसू मोजलं. सकाळपासूनचं सहावं.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. सहा महिन्यांपूर्वी आजीच्या मुलीने त्यांच्याशी लग्न केलं होतं. तिचा पहिला नवरा, टिचकीचा बाबा, गेला तेव्हा टिचकी तीन वर्षांची होती, आणि तिथून पुढची आठ वर्षं मायलेकी आजीकडेच राहिल्या. लग्नानंतर टिचकी या घरी आली, पण रविवार आजीचा, असं ठरलं होतं. ठरलेलं पाच महिने नीट चाललं. मग एका शनिवारी टिचकीचा फोन आला, "आजी, उद्या नाही येत. आम्ही कॉम्प्युटर बांधतोय. तयार नाही आणायचा, सुटे भाग आणून जोडायचा!" त्यानंतरचे दोन रविवारही तसेच गेले. आठवडाभर फोनवर कुठला भाग काय करतो ते टिचकी समजावून सांगायची आणि आजी हूं हूं करायची. तिच्या कानात 'आम्ही' हा एवढाच शब्द अडकून बसलेला असायचा.

"सुरू करताना मात्र तू पाहिजेसच," टिचकीने बजावलं होतं. म्हणून आजी आज आली होती.

तिच्यासाठी घरातली सगळ्यात मऊ खुर्ची मांडली होती. पण हात घालायला सोपं जावं म्हणून टेबल भिंतीपासून पुढे ओढलेलं, आणि खुर्ची त्याच्या मागे, भिंतीशी. तिथून पडद्याची नुसती कड दिसत होती. पेटीची पाठ मात्र सगळीच्या सगळी दिसत होती. पाहुण्याला बरी जागा दिली, असं मनात म्हणत आजीने पदर सारखा केला.

टेबलावर बर्फाचा ट्रे होता. त्याच्या एकेका खणात निघालेले स्क्रू, आणि प्रत्येक खणाच्या कडेला टिचकीच्या अक्षरात आकडा. जे पहिलं निघालं ते पहिल्या खणात, जे शेवटी निघालं ते शेवटच्या, म्हणजे परत जोडताना उलटं मोजत यायचं. ही रीत आजीची होती. टीव्हीच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर तिने एकतीस वर्षं काढली होती. तिचा शिक्का पाठीवर बसल्याशिवाय एकही संच दाराबाहेर गेला नव्हता. निवृत्तीनंतर तिने हे सगळं टिचकीला शिकवलं, जुने संच उघडून, स्वयंपाकघराच्या टेबलावर, दोघीच असताना. तो ट्रे आता या माणसाच्या टेबलावर होता आणि चौथ्या खणातला स्क्रू हवा होता तेव्हा त्याने न विचारता बरोबर चौथ्या खणात बोट घातलं होतं. ते पाहिल्यापासून आजीने ट्रेकडे बघायचं टाळलं होतं.

डॉक्टरांनी कपाळावर दवाखान्यातला दिवा चढवला, हातात दातांचा छोटा आरसा घेतला आणि पेटीत डोकावले.

"आ करा, काका. मोठा आ."

"काका नाही, ती काकू आहे," टिचकी म्हणाली. "निळे दिवे आहेत तिला."

"मग काकू, किती दिवसांत घासले नाहीत?"

सातवं.

त्यांनी रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, पुसल्या, परत बसवल्या. बटण. काळा पडदा. मग एकच पट्टी ठेवून पाहिली, मग दुसरीच. काळा पडदा. चित्राच्या कार्डाला वीज देणारी वायर काढून घट्ट बसवली. तेही करून झाल्यावर टिचकीने पुस्तिका उघडली आणि मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवायची असं वाचून दाखवलं. ती पाच मिनिटं टिचकीने घड्याळावर मोजली.

आजीला करायला काही नव्हतं, म्हणून ती समोर होतं ते पाहत होती. एकतीस वर्षं तिने पाठीच पाहिल्या होत्या. डोळ्यांना सवय होती, ते आपसूक पडद्याच्या वायरीवरून चालू लागले. वायर पडद्यातून निघत होती, टेबलाच्या कडेवरून वळत होती आणि पेटीच्या वरच्या भागात, माऊस आणि कीबोर्डच्या शेजारी घुसत होती. तिच्या बरंच खाली एक वेगळी आडवी पट्टी होती. त्या पट्टीवर तीन खाचा होत्या आणि तिन्हींवर काळी झाकणं.

टिचकी फोनवर काय म्हणाली होती? 'आमच्या प्रोसेसरला स्वतःला चित्र काढता येत नाही, आजी. म्हणून चित्राचं कार्ड वेगळं घ्यावं लागलं. केवढं जड आहे माहितीये!' ते जड कार्ड म्हणजे ही खालची पट्टी. चित्र तिथून बाहेर पडणार, आणि वायर उभी होती वरच्या दारात, जिथून या जन्मात चित्र यायचं नव्हतं.

कुठे काही बिघडलेलंच नव्हतं.

आजीने तोंड उघडलं, आणि मिटलं. लावली असेल यानेच. दाढा उपटता येतात, वायर लावता येत नाही. शोधू दे. ती खुर्चीत जरा मागे रेलली आणि बऱ्याच दिवसांनी तिला बरं वाटलं.

टिचकीची आई दारातून डोकावली. "झालं का सुरू?"

"नाही," दोघं एकदम म्हणाली.

"मग आई, तू बघ ना जरा. तुझं तर आयुष्य गेलं यात."

"आमचे डबे वेगळे होते गं," आजी म्हणाली. "मला काय कळतंय यातलं."

डॉक्टरांनी पेटीतून डोकं वर काढलं. त्यांच्या कपाळावरच्या दिव्याचा उजेड क्षणभर आजीच्या चेहऱ्यावर पडला. तिने मान वळवली. डॉक्टरांनी दिवा बंद केला.

बॅटरी परत बसवली. बटण. पंखे घरघरले. काळा पडदा.

"माझंच काहीतरी चुकलं असणार," डॉक्टर म्हणाले. "प्रोसेसर बसवताना जास्त दाब दिला गेला असेल."

"तो मी बसवला होता. तुम्ही फक्त टॉर्च धरला होता."

"मग टॉर्च जास्त दाबून धरला असेल."

या वेळी टिचकी हसली नाही. ट्रेच्या कडेवरचा आकडा ती नखाने खरवडू लागली. 'तीन' निम्मा निघून आला.

"राहू दे," ती म्हणाली. "मी मोडला तो. परत देऊन टाका सगळं. मला नाही येत असलं काही. पुढच्या रविवारी मी जाते आजीकडे."

तीन आठवडे आजी हेच वाक्य ऐकायची वाट पाहत होती. आता ते समोर येऊन पडलं होतं, आणि ते बोलताना टिचकीने एकदाही तिच्याकडे पाहिलं नव्हतं. ताप आलेलं मूल भिंतीकडे तोंड करून झोपायला जातं, तशी ती आजीकडे यायला निघाली होती. मला नाही येत, असं म्हणून. हे वाक्य त्या पोरीच्या तोंडी आजीने कधी येऊ दिलं नव्हतं.

आजी उठली. गुडघा धरून टेबलापाशी गेली.

"ही पडद्याची वायर इथे कुणी लावली?"

"मी," डॉक्टर लगेच म्हणाले.

"खोटं," टिचकी म्हणाली. "मी लावली."

आजी थबकली. "तू? इथे का गं?"

"मग कुठे लावणार? खालच्या तिन्हींवर झाकणं होती." टिचकीने नाक ओढलं. "आपण लावलेलं नसेल ते झाकण आपण काढायचं नाही. तूच सांगितलंयस ना?"

"मी काढत होतो एक," डॉक्टर म्हणाले. "हातावर असा फटका बसला! तुमच्या नावाने. या टेबलावर सगळं तुमच्याच नावाने चालतं, आजी. सुरू करायच्या आधी अंगातली स्थिर वीज जावी म्हणून नळाला हात लावून यायचं, जांभई आली तर तोंड दुसरीकडे करायचं. तीन आठवडे मी उमेदवारी करतोय."

आजीने टेबलाची कड धरली. टिचकी सहा वर्षांची असताना दिसेल ते झाकण उपटायची, तेव्हा तिनेच तो नियम ठणकावून सांगितला होता. कारखान्यातला नियम. झाकण काढलं की धूळ शिरते. पण तो नियम तिथे संपत नव्हता. उरलेला अर्धा खोक्यातल्या कागदावर छापलेला असायचा, विकत घेणाऱ्यासाठी. तो तिने टिचकीला कधी सांगितला नव्हता. तिच्या टेबलावरून संच पुढे जायचे, कुणाच्या घरी पोहोचलेला संच तिने कधी पाहिलाच नव्हता.

"इकडे ये," ती म्हणाली. "रडून झालं असेल तर बोट दे. बिघाड कसा शोधायचा?"

"पडद्यापासून मागे चालत यायचं."

"मग चाल."

टिचकीचं बोट वायरीवरून निघालं, टेबलाच्या कडेवर वळलं, वर चढलं आणि खाचेपाशी थांबलं.

"इथे काय आहे?"

"मदरबोर्ड."

"त्याला चित्र काढता येतं?"

टिचकीचं बोट तिथेच राहिलं. मग हळूहळू, आपलं आपणच, खाली उतरलं आणि काळ्या झाकणावर टेकलं. तिने डोळे मोठे करून आजीकडे पाहिलं.

"पण झाकण…"

"झाकण असतं ते वाटेत असेपर्यंत. घरी पोहोचलं की काढायचं."

"मग हे पोहोचलं?"

आजीने खोलीभर पाहिलं. खुंटीला टिचकीचं दप्तर होतं. पलंगावर तिची ठिगळांची निळी चादर होती, आजीच्या घरून आलेली. तिच्या घडीतून उशीचा कोपरा डोकावत होता.

"पोहोचलं," ती म्हणाली. "सहा महिने झाले की."

"तीनच आठवडे झालेत, आजी."

"बरं, तीन आठवडे."

डॉक्टर आरसा पुसत होते. ते पुसतच राहिले.

"तुमचा चिमटा आणा," आजी त्यांना म्हणाली. "एकच काढा. बाकीची दोन राहू देत, नाहीतर धूळ शिरते."

झाकण टक्कन निघालं. टिचकीने वायर वरून काढून खाली लावली आणि बटण दाबलं. पंखे घरघरले. पडदा काळा राहिला, आणखी थोडा काळा राहिला, आणि मग त्याच्या मधोमध पांढरी अक्षरं उजळली.

टिचकी किंचाळली. आधी तिने डॉक्टरांच्या पंजावर पंजा मारला आणि नंतर ती आजीच्या कमरेला बिलगली. आधी आणि नंतर, दोन्ही आजीच्या लक्षात आलं. पण मिठी सुटेना, तेव्हा तिने मोजायचं सोडून दिलं.

"आजी," पदरातूनच टिचकी म्हणाली, "तुला कधी कळलं?"

आजी तिच्या केसांवरून हात फिरवू लागली.

"सांग ना. तू तर सगळा वेळ मागेच बसली होतीस. मग बोलली का नाहीस?"

"शिकवणारी माणसं लगेच उत्तर सांगत नसतात," डॉक्टर म्हणाले. चिमट्यातलं झाकण ते बर्फाच्या ट्रेच्या रिकाम्या खणात ठेवत होते. "आपल्याला सापडेपर्यंत थांबतात."

टिचकीने त्यांच्याकडे पाहिलं, मग आजीकडे. या खेपेला ती 'खोटं' म्हणाली नाही. "आईला दाखवते," म्हणत ती बाहेर पळाली.

खोलीत पंख्यांचा बारीक आवाज राहिला. आजीने मऊ खुर्ची ओढत टेबलाच्या पुढच्या बाजूला आणली आणि पडद्यासमोर बसली. मग तिने उजव्या गालावर हात ठेवला.

"डॉक्टर, माझी इकडची खालची एक दाढ दुखते."

"ठाऊक आहे. लग्नाच्या जेवणातच दिसलं होतं. तुम्ही सगळं डावीकडूनच चावत होता."

आजीने वळून पाहिलं.

"मग बोलला का नाहीत?"

डॉक्टरांनी कपाळावरचा दिवा लावला.

"आ करा," ते म्हणाले.