आत्याचा सुजलेला दंड

आत्या दंड उघडा टाकून बसली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सूज दाखवत होती. "बघा, औषधानं कसं पकडलंय!" तिची भाची लेसिएली खाली मान घालून रताळी सोलत राहिली.

लेसिएली टोंगाच्या राजधानीत, नुकुआलोफाच्या दवाखान्यात नर्स. ती सुई तिनंच टोचली होती. विषाणूमुळे आत्याच्या गर्भाशयाच्या तोंडाशी बिघाड झाला होता. ब्रिस्बेनहून आलेली नवी लस असा बिघाड कॅन्सर होण्याआधीच जिरवते का, ते पाहायचं होतं. निम्म्या बायकांना लस, निम्म्यांना औषध नसलेलं पाणी. कुणाला काय, ते लेसिएलीलाही ठाऊक नव्हतं. कुणी ओळखू नये म्हणून त्या पाण्यातही हात सुजवणारा क्षार मुद्दाम घातलेला. मेली ती सूज, तिला काडीचा अर्थ नव्हता! खरं काय ते सोमवारच्या तपासणीत कळणार होतं. बिघाड वाढलेला दिसला, तर लगेच कापून काढायचा.

आणि आत्या निघाली होती शनिवारच्या बोटीनं वावाऊ बेटावर, चर्चच्या मेळ्याला. महिनाभर मुक्काम तिकडेच.

"आत्या, सोमवारची तपासणी करून जा ना."

"कशाला गं? हा दंड तपास की, आत्ताच्या आत्ता!"

सगळे खो खो हसले. लेसिएली गप्प बसली, कारण समोर बाबा होते. भाऊ-बहीण एकत्र असताना कमरेखालचं काही तोंडातून काढायचं नाही, हे टोंगात पोरांना चालायला येण्याआधी कळतं. त्यातून बाबांची थोरली बहीण म्हणजे घरात देवाच्या खालोखाल. तिला एकटी गाठायला लेसिएली टपून होती, पण आत्याभोवतीचा गोतावळा हलेल तर शपथ.

शनिवारी धक्क्यावर फार उकडत होतं. बाहेर पडताना टोंगात कपड्यांवरून कमरेला गुंडाळतात ती चटई आत्यानं सोडून बाजूला ठेवली होती. बोटीचा भोंगा झाला तशी ती उठली, आणि बाबांनी झटकन मान समुद्राकडे फिरवली. ते कशाला दचकले म्हणून लेसिएलीनं पाहिलं. आत्याच्या पांढऱ्या झग्यावर मागं रक्ताचा डाग होता. आत्याची पाळी जाऊन कैक वर्षं झाली होती.

"आत्या, रक्त जातंय तुम्हाला! खालून!" लेसिएली ओरडलीच. "त्या सुजेवर जाऊ नका, आतलं वाढलंय. बोटीवर चढू नका, पाया पडते!"

धक्क्यावरच्या सगळ्या माना वळल्या. बाबा वळले नाहीत. पाठमोरेच चालत निघून गेले.

आत्यानं चटई उचलली, डागावरून घट्ट आवळून बांधली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"माझ्या भावासमोर?" ती हळू बोलली. "आता कुठल्या तोंडानं राहू गं मी इथं?"

लेसिएलीनं तिला धरलं. हाती आला तो नेमका सुजलेला दंड. आत्या कळवळली, हिसडा देऊन सुटली आणि फळीवरून बोटीत शिरली. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

बोट दिसेनाशी झाली तरी लेसिएली धक्क्यावर उभी होती. ती गप्प बसली असती, तर आत्या महिन्यानं तपासणीला परत तरी आली असती; आता लाजेपायी ती इकडे फिरकणारही नव्हती.