हुंड्यातला ठोकळा आणि मी

मित्रांनो, मी गाडी उचलायचा एक जुना जॅक आहे. बाटलीएवढा, पोटात तेल आणि डोक्यावर लोखंडी टोपी. एकेकाळी अंगभर लाल होतो. आता लाल कुठे आणि गंज कुठे, ते ज्याचं त्यानं शोधावं. माझी कहाणी सांगतो, पण त्यात एका ठोकळ्याचं नाव पुन्हा पुन्हा येईल. माझा नाइलाज आहे.

बंदरावरच्या दुकानातून मी लेस्वोस बेटावरच्या या डोंगरी गावात आलो, तेव्हा स्त्रातोसच्या मिशा काळ्या होत्या. त्याची तीनचाकी मोटारसायकल आहे. पुढून मोटारसायकल, मागे दोन चाकांवर लाकडी हौदा. ऑलिव्हची पोती, कोंबड्यांची खुराडी, सासूबाई, जे असेल ते ती वाहून नेते. मी येण्याआधी तिचं मागचं चाक काढायचं म्हणजे गल्लीतले चार बाप्ये खांदा लावायला यायचे. मी एकट्यानं तिला उचललं. स्त्रातोस आनंदानं ओरडला, "मिरसिनी, बाहेर ये! चौघांचं काम या चिमुरड्यानं केलं बघ!"

त्याची बायको पिठाच्या हातांनी दारात आली आणि म्हणाली, "बरं झालं. नाहीतर तुझ्या त्या चौघांना ऊझो पाजता पाजता बाटली तळाला जायची."

माझ्या वाट्याला आलेली मोठी स्तुती तेवढीच. कारण लगेच तो आला. ठोकळा!

एका कडाक्याच्या हिवाळ्यात वाळून गेलेल्या ऑलिव्हच्या बुंध्याचा तो तुकडा. ते झाड मिरसिनीच्या हुंड्यात आलेलं, म्हणून त्याचा मान मोठा. तीनचाकीखाली कामाला जायचं असलं की स्त्रातोस आधी तिला अंगणातल्या सपाट फरशीवर आणायचा, गिअरमध्ये टाकायचा, टेकलेल्या चाकांना दगड लावायचा. तीन पायांचं जनावर ते, एक पाय उचलला की दोनच उरतात. मग मी दात ओठ खाऊन तिला वर घ्यायचो. आणि मी घेतली रे घेतली, की हा त्या ठोकळ्याला सांगाड्याखाली सरकवायचा, माझी तेलाची चावी सैल करून सगळं वजन त्याच्यावर सोडायचा, गाडी हलवून बघायचा आणि ठोकळ्याला थापटून म्हणायचा, "धर रे बाबा, माझा जीव तुझ्या हाती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. उचललं कोणी? मी. घाम कोणाला फुटला? मला. आणि हा आयत्या बिळावर नागोबा! याला ना दांडा, ना चावी, ना अक्कल. नुसता बसून राहतो, आणि माणूस निर्धास्तपणे त्याच्या भरवशावर आडवा होतो. माझ्या भरवशावर तो कधी आडवा झाला नाही. मला तेवढंच हवं होतं. एकदाच, फक्त एकदाच.

बरं, काम संपलं की मी खिळ्याला लटकलेला, आणि हा स्वयंपाकघरात! मिरसिनी त्याची वरची बाजू मीठ-लिंबानं घासून त्यावर मटण तोडायची. खालची बाजू वंगणाची, वरची बाजू सुरीची. दोन्हीकडून लाड.

गेल्या ईस्टरच्या आदल्या दिवशीची गोष्ट. चाक काढून झालं होतं, मी तीनचाकी धरून उभा होतो आणि स्त्रातोसला ठोकळा सापडेना. तेवढ्यात मिरसिनी तो छातीशी धरून घरात जाताना दिसली.

"अगं, तो कुठे नेतेस?"

"कोकरू तोडायचंय. तुझ्या मांडीवर तोडू?"

"मला गाडीखाली लावायचाय. रात्री तुझ्याच आईला चर्चमध्ये न्यायचंय आणि उतारावर ब्रेक लागत नाही."

"आणि उद्या माझ्याच आईच्या ताटात अख्खं कोकरू ठेवू? झाड माझ्या हुंड्यातलं, ठोकळा माझा. तुझा तो लाडका लाल आहे ना, त्याला सांग धरायला."

स्त्रातोसनं मान हलवली. "जा घेऊन. आजच्या दिवस हाच धरील." त्यानं माझ्या टोपीवर हात ठेवला आणि पाठीवर सरकत हौद्याखाली गेला.

मित्रांनो, इतक्या वर्षांनी! मी छाती फुगवली. आत तो गुणगुणत नट सोडवत होता आणि त्याचा जीव माझ्या हाती होता. त्या मठ्ठ लाकडाच्या नाही, माझ्या!

आणि मग माझ्या अंगावरून तेलाचा एक थेंब ओघळला.

माझ्या पोटातलं रबरी वायसर म्हातारं झालं होतं. आजवर मी क्षणभर वजन पेलायचो आणि ठोकळ्याच्या हवाली करायचो, म्हणून ते कोणाला कळलं नव्हतं. मलाही नाही. ज्याच्यावर मी जळत होतो, तोच माझी लाज झाकत होता. मी जीव खाऊन ताठ राहायला बघत होतो, पण खाली जात होतो. अगदी हळूहळू, मुकाट्यानं. ओरडायला मला तोंड कुठे होतं?

मिरसिनीचा राग फार टिकत नाही. ती कॉफी घेऊन आली आणि कप हौद्याच्या फळीवर ठेवून वळली. कप घसरला. तिनं तो सरळ ठेवला. तो पुन्हा माझ्या बाजूला घसरत आला.

"स्त्रातोस, बाहेर ये!"

"मघाशी ठोकळ्यावरून भांडलीस, आता कशावरून?"

"बाहेर ये म्हणते ना!"

"थांब गं, एक नट राहिलाय."

ती थांबली नाही. घरात धावली, कोकरू जमिनीवर लोटलं, ठोकळा उचलून आली आणि सांगाड्याखाली घालू लागली. जागा जेमतेम उरली होती. तिनं टाचेनं लाथ मारली, पुन्हा मारली, आणि तो आत शिरला. त्याच क्षणी माझं बळ सरलं. सगळं वजन धाडकन ठोकळ्यावर आलं. तो हूं का चूं न करता बसून राहिला.

स्त्रातोस बाहेर आला, माझ्याभोवतीच्या तेलात त्यानं बोट बुडवून बघितलं. मिरसिनीनं त्याला फडक्यानं मारलं आणि मग त्याच फडक्यात तोंड लपवून रडली.

तिचं रडणं ओसरल्यावर त्यानं विचारलं, "कोकरू?"

"मांजरांनी उपास सोडला," ती म्हणाली.

मला वाटलं होतं, मी आता भंगारात जाणार. पण त्यानं मला नवं वायसर घातलं, ताजं तेल भरलं. मिरसिनीनं स्वयंपाकघरासाठी वेगळा ठोकळा कापून घेतला. आता स्त्रातोस गाडीखाली जायच्या आधी ती स्वतः येते, वाकून बघते आणि ठोकळ्याला थापटते. माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझा कोणी भाऊबंद असेल. त्याला वेळच्या वेळी तेल द्या, त्याचं वायसर तपासा. आणि तो कितीही नवा, कितीही लाल असला, तरी खाली ठोकळा घातल्याशिवाय त्याच्या भरवशावर आडवे होऊ नका. त्याला राग येईल. येऊ द्या.

मला अजूनही येतो. ठोकळा दिसला की माझा जीव जळतो. पण परवा स्त्रातोस त्याला आणायला क्षणभर विसरला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी त्या मठ्ठ्याची वाट पाहिली.